समुद्र नसलेल्या देशाचं नौदल

सहावी-सातवीला दरवर्षी एक प्रकल्प ठरलेला असतो. 'एका परदेशाची माहिती मिळवा आणि वर्गासमोर सादर करा.' मी तो बरीच वर्षं घेते आहे. आणि आता मला मनापासून वाटतं की आपण तो ज्या पद्धतीने करून घेतो, त्यात मुलांना तो देशही कळत नाही आणि शोध कसा घ्यायचा तेही कळत नाही. पोस्ट लांबेल, पण शिक्षकांनी आणि पालकांनीही वाचावी अशी विनंती.

साचा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. ध्वज, राजधानी, चलन, लोकसंख्या, राष्ट्रीय पक्षी, प्रेक्षणीय स्थळं, शेवटी 'धन्यवाद'. वाट्याला जपान येवो की जमैका, स्लाइड त्याच असतात, रकान्यातली उत्तरं तेवढी बदलतात. मूल एका ठिकाणाहून मजकूर उचलतं, दुसरीकडे चिकटवतं आणि वर्गासमोर उभं राहून वाचून दाखवतं. या सगळ्या प्रवासात तो मजकूर त्याच्या डोक्यातून एकदाही जात नाही. ऐकणाऱ्यांचं तर विचारूच नका. तिसऱ्या देशापर्यंत पहिल्याचं चलन विसरलेलं असतं.

माझ्यापुरता हा साचा मोडला तो सातवीतल्या एका मुलीमुळे. तिच्याकडे बोलिव्हिया होता. रकाने भरता भरता तिला दोन गोष्टी सापडल्या. या देशाला समुद्रकिनारा नाही, आणि या देशाकडे नौदल आहे. वही घेऊन ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, यातलं एक काहीतरी चुकलंय."

दोन्ही बरोबर होतं. उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी ते गिळलं. तिला म्हटलं, बाकीचे रकाने राहू देत, तू एवढंच शोध.

पुढच्या तीन आठवड्यांत तिने जे उकरून काढलं, ते मी आजवर कुठल्याच चार्टवर पाहिलेलं नव्हतं. बोलिव्हियाला एकेकाळी किनारा होता, अटाकामाच्या वाळवंटातून थेट प्रशांत महासागरापर्यंत. त्या वाळवंटात सोरा होता, खतं आणि स्फोटकं बनवायला जगाला हवा असलेला. तो काढणारी कंपनी चिलीची. १८७८ मध्ये बोलिव्हियाने तिच्यावर नवा कर बसवला, कंपनीने तो भरायला नकार दिला आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये चिलीचं सैन्य बोलिव्हियाच्या अँतोफगास्ता बंदरात उतरलं. पेरूचा बोलिव्हियाशी गुप्त करार होता, त्यामुळे पेरूही युद्धात ओढला गेला. लढाई थांबली तेव्हा बोलिव्हियाचा सगळा किनारा हातचा गेलेला होता. १९०४ च्या तहाने त्यावर शिक्कामोर्तब झालं. बदल्यात चिलीने आरिका बंदरापासून बोलिव्हियातल्या ला पाझपर्यंत रेल्वे बांधून द्यायची आणि मालाच्या ने-आणीला मोकळी वाट द्यायची, असं ठरलं. नौदल मात्र बोलिव्हियाने आजही ठेवलं आहे. ते नद्यांवर असतं आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८०० मीटर उंचीवरच्या टिटिकाका सरोवरात असतं.

एवढ्यावर थांबली असती तरी प्रकल्प उत्तम झाला असता. पण खरा अभ्यास इथून पुढे सुरू झाला, असं माझं मत आहे. तिला बोलिव्हियाचा 'समुद्र दिन' सापडला, २३ मार्च. त्या दिवशी एदुआर्दो आबारोआ यांचं स्मरण करतात. याच युद्धात शरण यायला नकार देऊन ते लढत मारले गेले. ती अगदी भारावून गेली होती. मी तिला एवढंच सुचवलं की याच युद्धाबद्दल चिलीत काय सांगतात तेही बघून ये. तिथे तिला २१ मे सापडला. तो चिलीत सुटीचा दिवस. इकिकेच्या सागरी लढाईत शत्रूच्या जहाजावर उडी घेऊन प्राण देणारे आर्तुरो प्रात हे त्या दिवसाचे नायक. युद्ध एकच, वर्षही तेच, १८७९. दोन देश, दोन वीर, दोन वेगळे दिवस.

"मग बरोबर कोण?" तिने विचारलं.

अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांना न्याय-अन्यायाची जबरदस्त चाड असते. हे वय त्या प्रश्नासाठीच आहे असं मला वाटतं, आणि आपण त्या वयाला राष्ट्रीय पक्ष्याचं नाव पाठ करायला लावतो. तिला वाटलं, न्यायालयाने निकाल दिला असेल. शोधल्यावर तोही सापडला. २०१३ मध्ये बोलिव्हिया हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला होता आणि १ ऑक्टोबर २०१८ ला न्यायालयाने १२ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं की समुद्राच्या वाटेबद्दल वाटाघाटी करण्याचं कायदेशीर बंधन चिलीवर नाही. निकाल वाचून ती हिरमुसली, कारण १८७९ मध्ये चूक कोणाची होती याचं उत्तर त्यात नव्हतंच. न्यायालयाला तो प्रश्न विचारलेलाच नव्हता. एखादा कागद नेमक्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो आणि कोणत्या प्रश्नाला हात लावत नाही, हे तिला त्या दिवशी कळलं. मला ते पदवीला असतानाही नीट कळलेलं नव्हतं.

तिचं सादरीकरण पाच मिनिटांचं झालं. दोन नकाशे, एक १८७९ च्या आधीचा, एक नंतरचा. ध्वज नव्हता, चलन नव्हतं. वर्गाने त्यानंतर तास संपेपर्यंत प्रश्न विचारले.

तेव्हापासून माझ्या वर्गात पहिल्या आठवड्यात शोधाशोध पूर्ण बंद असते. गुगल नाही, पुस्तक नाही. देशाचा एक नकाशा, एक छायाचित्र आणि दोन-तीन आकडे एवढंच देते आणि मुलांनी वहीत प्रश्न लिहायचे. वीस तरी. मग आम्ही एका शब्दात उत्तर येणारे प्रश्न बाजूला काढतो. 'राजधानी कोणती?' हा प्रश्न एका शब्दात संपतो. 'राजधानी का हलवली?' या प्रश्नावर महिना जातो. पालकांची तक्रार येते की आठवडा गेला आणि मुलाने अजून काही 'केलं' नाही. खरं तर सगळ्यात अवघड काम त्याच आठवड्यात होत असतं.

राजधानीवरून कझाकस्तान आठवला. एका मुलाने वैतागून तीन कागद माझ्यापुढे टाकले. जुन्या नकाशाच्या पुस्तकात राजधानी अल्माटी, एका लेखात नूर-सुलतान, एका संकेतस्थळावर अस्ताना. "कोणावर विश्वास ठेवू?" आम्ही तिन्हींवर तारखा शोधल्या. १९९७ मध्ये राजधानी अल्माटीहून अकमोला शहरात हलली. १९९८ मध्ये त्या शहराचं नाव अस्ताना झालं. २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष नूरसुलतान नझरबायेव पायउतार झाल्यावर त्यांच्या नावावरून ते नूर-सुलतान झालं, आणि २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना. म्हणजे खोटं कोणीच बोलत नव्हतं, प्रत्येक कागद आपापल्या दिवशी खरा होता. त्या दिवसापासून वहीत प्रत्येक माहितीशेजारी वर्षाचा एक रकाना असतो. वर्ष सापडलं नाही तर ती माहिती सादरीकरणात येत नाही. एवढ्या एका सवयीने जे साधलं, ते माझ्या दहा व्याख्यानांनी साधलं नसतं. स्वाझीलँड २०१८ मध्ये एस्वातिनी झाला, मॅसिडोनिया २०१९ मध्ये उत्तर मॅसिडोनिया झाला, हे आता मुलंच मला सांगतात.

विकिपीडियावर बंदी घालणाऱ्या शिक्षकांशी माझं पटत नाही. सुरुवात तिथून करावी, फक्त मुक्काम तिथे करू नये. लेखाच्या तळाशी दिलेले संदर्भ उघडायला शिकवलं की अर्धी लढाई जिंकली. आकडे जागतिक बँकेच्या किंवा संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळावरून घ्यायचे. आता मुलं एआयला विचारून तयार उत्तरं आणतात. त्यावर मी ओरडत नाही. एकच प्रश्न विचारते, "हे कोणी, कधी सांगितलं?" एआय कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकाचं नाव छातीठोकपणे सांगतो. ते पुस्तक शोधायला मूल स्वतः गेलं आणि हात हलवत परत आलं की त्याला पुन्हा बजावावं लागत नाही.

आकड्यांचंही तसंच. मंगोलियात दर चौरस किलोमीटरला साधारण दोन माणसं. एका मुलाने चित्र काढलं, अफाट गवताळ माळ आणि त्यावर एकमेकांपासून लांब उभी असलेली माणसं. सुंदर चित्र होतं. मग त्याला कळलं की देशातली जवळपास निम्मी माणसं उलानबातर या एकाच शहरात राहतात. त्याने शेजारी दुसरं चित्र काढलं, दाटीवाटीने बांधलेल्या इमारतींचं. सरासरी म्हणजे काय आणि ती काय लपवते, यासाठी मला गणिताचा वेगळा तास घ्यावा लागला नाही. नकाशाही असाच फसवतो. नकाशाकार मर्केटरच्या १५६९ च्या पद्धतीने काढलेल्या नकाशात ग्रीनलँड आफ्रिकेएवढा दिसतो, पण आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट मोठी आहे. पृथ्वीगोलावर कागद ठेवून दोन्हींचे आकार गिरवायला द्या, दहा मिनिटांचं काम आहे.

एका गोष्टीबद्दल मात्र मी जरा कडकच बोलणार आहे. देशाच्या सादरीकरणात मुलांना 'राष्ट्रीय पोशाख' घालून उभं करणं बंद करावं. भाड्याने आणलेल्या त्या कपड्यांत मूल गोड दिसतं, फोटो छान येतात, आणि बघणाऱ्या तीस मुलांच्या मनात त्या देशाची एक बाहुली तयार होते. तिथली माणसं सकाळी शर्ट-पँट घालून बस पकडतात, परीक्षेला घाबरतात, हे त्या बाहुलीत मावत नाही. छायाचित्रांचीही तीच गत. केनिया म्हटलं की सिंह येतो, नाहीतर भुकेलं मूल येतं. मी केनिया घेतलेल्या मुलीला एम-पेसाबद्दल शोधायला सांगितलं. २००७ पासून तिथे साध्या मोबाइलवरून, बँकेत खातं नसतानाही, लोक एकमेकांना पैसे पाठवतात. ती म्हणाली, "हे मला माहीत असतं तर मी सिंह लावलाच नसता." गॅपमाइंडर या संस्थेचं 'डॉलर स्ट्रीट' नावाचं संकेतस्थळ आहे. वेगवेगळ्या देशांतल्या घरांची छायाचित्रं तिथे उत्पन्नानुसार मांडली आहेत. चूल, दात घासायचा ब्रश, मुलांची खेळणी. मुलांना तिथे तासभर सोडा. एकाच देशातल्या दोन घरांत केवढं अंतर असतं, आणि हजारो मैल दूरच्या दोन घरांतलं स्वयंपाकघर किती सारखं असतं, हे ती स्वतःच बोलून दाखवतात.

सादरीकरणाचे माझे नियम थोडे आहेत. पाच मिनिटं, तीन चित्रं, स्लाइडवर वाक्य नाही, हातात कार्ड चालेल पण त्यावर फक्त शब्द. नंतरची दहा मिनिटं वर्गाची. प्रश्न आला आणि उत्तर येत नसेल तर "मला माहीत नाही, पण ते अमुक ठिकाणी सापडेल" या उत्तराला पूर्ण गुण. लाजणाऱ्या मुलांना याने केवढा धीर येतो, ते बघायला हवं.

गुणांवरून एकदा मी खूप दुखावले गेले होते. एका आंतरशालेय स्पर्धेत माझ्या दोन विद्यार्थ्यांनी कोस्टा रिकावर बोलायचं ठरवलं. १९४८ मध्ये त्या देशाने सैन्यच बरखास्त केलं, मग त्याचं रक्षण कसं होतं, हा त्यांचा प्रश्न. तयारी जीव तोडून केली होती. परीक्षकांनी पहिली सूचना केली, "ध्वज राहिला, आणि सजावट कमी पडली." बक्षीस चकाकत्या कागदाच्या तक्त्याला गेलं. तो तक्ता कोणा मोठ्या माणसाने केलाय हे लांबूनही दिसत होतं. मुलं परत येताना गप्प होती. माझी शिक्षकांना कळकळीची विनंती आहे, गुण वहीला द्या. सुरुवातीचे प्रश्न, खोडलेले प्रश्न, टाकून दिलेली माहिती आणि ती का टाकली याची एक ओळ. हे पालकांना करून देता येत नाही.

बोलिव्हियावाल्या मुलीचं सादरीकरण संपलं तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला होता. एरवी तो बोलत नसे. त्याने विचारलं, "चिलीतल्या सातवीतल्या मुलीला हाच प्रकल्प दिला, तर ती कोणता नकाशा आधी दाखवेल?" ही तिथेच थांबली. थोडा विचार केला. मग भिंतीवरचे दोन्ही नकाशे काढले आणि शेजारी शेजारी, एकाच उंचीवर लावले.