तुझा कोण लागत होता?

रेडिओवरचा एखादा आवाज गेला, आपण हळहळलो, की हा प्रश्न आलाच. 2024 च्या फेब्रुवारीत अमीन सयानी गेले, तेव्हा गणपती पेठेतल्या दुकानात मला ऐकवलं, "कधी भेटलास तरी का त्यांना?"

नाही भेटलो! 1952 साली रेडिओ सिलोनवर त्यांची गीतमाला, हिंदी गाण्यांचा कार्यक्रम, सुरू झाली. आमच्याकडे बुधवारी रात्री आठला आजी रेडिओला कान लावून बसायची, खरखर वाढली की बटण केसभर फिरवायची. तेवढा वेळ घरात कुणी बोलायचं नाही.

फक्त लग्नात दिसणाऱ्या चुलत्याचं सुतक दहा दिवस पाळायचं, आणि ज्याच्यासाठी अख्खं घर गप्प बसायचं त्याच्यासाठी डोळे भरून आले तर हसायचं? परवा आकाशवाणी सांगलीच्या जुन्या निवेदकांचा विषय निघाला, तर पुन्हा तेच. रडू द्या की माणसाला!