भात-मासळीत प्रोटीन नाही म्हणता? आधी ताट मोजा

रत्नागिरी, दापोली, कुडाळला खोली करून शिकणाऱ्या मुलांमध्ये एक मेसेज फिरतोय: ‘कोकणी जेवणात प्रोटीन नसतं. भात बंद करा, नाश्ता सोडा, रोज एक स्कूप पावडर घ्या.’ तिन्ही सल्ले चुकीचे आहेत, आणि मुलं ते मनावर घेतात म्हणून हे सविस्तर.

‘प्रोटीन नसतं.’ हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने प्रौढाला वजनाच्या किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम लागतं. 60 किलोच्या मुलाला साधारण 50. आता दिवसभराचं ताट बघा: 150 ग्रॅम तांदळातून 11, तीन पोळ्यांतून 9, वाटीभर कुळथाच्या पिठीतून 6, दोन अंड्यांतून 12. झाले 38. त्यात 100 ग्रॅम बांगडा आला की आणखी 19. जून-जुलैत बोटी बंद असतात, मासळी परवडत नाही, तेव्हा 40 ग्रॅम काळ्या वाटाण्याची उसळ आणि मूठभर शेंगदाणे मिळून 15 भरून काढतात.

मग कमी पडतं कुठे? खाणावळीच्या आमटीत. वाटीत 10 ग्रॅमच डाळ असेल तर मिळतं जेमतेम 2 ग्रॅम, आणि पोट मात्र भाताने भरतं. भात निम्मा घ्या, आमटी तळापासून ढवळून दोन वाट्या मागा. खोलीवर गॅस असेल तर पिठीसारखं स्वस्त काही नाही. तीन मोठे चमचे कुळथाचं पीठ आधी दीड वाटी गार पाण्यात कालवा. लसूण-मिरचीची फोडणी द्या, ते पाणी ओता, उकळी येईपर्यंत ढवळत राहा, मंद आचेवर सात-आठ मिनिटं शिजू द्या, शेवटी दोन आमसुलं. उकळत्या पाण्यात कोरडं पीठ टाकलं की गुठळ्या होतात, आत कच्चं राहतं, पोट जड होतं आणि दोष कुळथावर येतो.

‘नाश्ता सोडा.’ सकाळच्या एसटीने येणारी मुलं तो आधीच सोडून बसलेली असतात. दोन चहा आणि खारीवर दुपारी दीडपर्यंत राहायचं, मग वडापाव. यात वजन उतरत नाही, दुपारची भूक तेवढी दुप्पट होते. नाचणीची एक भाकरी, म्हणजे 50 ग्रॅम पीठ, 180 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम देते. गरज दिवसाला 1000 ची आहे. नाचणीचं सत्त्व मात्र गाळलेलं असतं, आणि कॅल्शियमचा मोठा वाटा कोंड्यातच असतो, तेव्हा पीठच वापरा. रात्रीच्या भाताची पेज करणार असाल तर भात फ्रिजमध्ये ठेवलेला हवा. आपल्या दमट हवेत कुकरमध्ये रात्रभर राहिलेल्या भातात जंतूंचं विष तयार होऊ शकतं आणि ते पुन्हा उकळूनही जात नाही.

पावडरबद्दल फार लिहायला नको. याच संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनी ती टाळायलाच सांगितलंय.

मेसेजमध्ये एका गोष्टीचा उल्लेखच नाही: लोह. तरुण मुलींना दिवसाला 29 मिलिग्रॅम लागतं, मुलांना 19. जेवल्यावर लगेच चहा घेतला तर पालेभाजी-कडधान्यातलं लोह फारसं अंगी लागत नाही. चहा तासभर पुढे ढकला, आणि उसळीवर लिंबू पिळायला विसरू नका.