पाण्यात उतरताना भ्यायचं कुणाला?

नदीत, तलावात किंवा समुद्रात पहिल्यांदा पोहायला आलेला माणूस काठावर घुटमळतो आणि हमखास विचारतो, "खाली काही असेल का हो?" आणि जुने पोहणारे हमखास हसतात. "पाणी असेल, अजून काय!" मग एखादा हुशार मागून डुबकी मारून त्याचा पाय ओढतो. मला या गमतीचा मनापासून तिटकारा आहे. विचारणारा भित्रा नसतो. तरणतलावाच्या निळ्या फरशीवर ज्याचं सगळं पोहणं झालंय, त्याला पहिल्यांदाच तळ दिसेनासा होतो आणि त्याचं डोकं नेमका हवा तो प्रश्न विचारतं. आळशीपणा उत्तर देणाऱ्यांचा असतो.

असं हसणं अंगाशी आल्याचं जुनं उदाहरण आहे. जुलै १९१६ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर बारा दिवसांत शार्कने चार जणांचा जीव घेतला. त्यातले दोघे तर समुद्रात गेलेही नव्हते. मटावन नावाच्या गावाजवळ भरतीचं पाणी आत शिरतं अशी एक चिंचोळी खाडी आहे, तिथे ते होते. त्या दिवशी एका निवृत्त कप्तानाने पुलावरून शार्क पाहिला आणि गावात ओरडून सांगितलं. लोकांनी त्याला वेड्यात काढलं. खाडीत कुठला आलाय शार्क? दुपारी एक मुलगा गेला, आणि त्याला शोधायला पाण्यात उतरलेला तरुणही गेला.

दुसरा वर्ग आकडेवाल्यांचा. हे हसत नाहीत, समजूत काढतात. फ्लोरिडाच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये जगभरच्या शार्क हल्ल्यांची नोंद ठेवतात. माणसाने काही न छेडता शार्क चावल्याच्या घटना २०२३ मध्ये ६९ होत्या, २०२४ मध्ये ४७. अख्ख्या जगात! हा आकडा खरा आहे आणि शार्कबद्दल तो पुष्कळ काही सांगतोही. पण त्याच्या पाठोपाठ नारळ येतो. "अरे, शार्कपेक्षा जास्त माणसं डोक्यात नारळ पडून मरतात, वर्षाला १५०!" ही लोणकढी थाप आहे. पापुआ न्यू गिनीमधल्या एका डॉक्टरांनी १९८४ मध्ये नारळामुळे झालेल्या जखमांवर एक छोटा लेख लिहिला, आणि पुढे कुणीतरी त्यावरून साऱ्या जगाचा अंदाज ठोकून दिला. कुणी मोजायला गेलेलं नाही.

नारळ सोडा. मूळ हिशेबच मला पटत नाही. जगातल्या आठ अब्ज माणसांत समुद्रात कधीच न उतरलेली माणसं धरायची, घरात बसलेली धरायची, आणि त्यांची सरासरी कंबरभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला ऐकवायची. त्याला जगाची सरासरी घेऊन काय करायचंय? त्याला हे पाणी, हा महिना, ही वेळ एवढंच हवंय. भीती जाऊ नये असंच माझं म्हणणं आहे, फक्त तिला नेमका पत्ता हवा.

मगरीचंच घ्या. उत्तर ऑस्ट्रेलियात खाऱ्या पाण्यातल्या मगरींची कातड्यासाठी इतकी शिकार झाली की नॉर्दर्न टेरिटरीमध्ये जेमतेम तीनेक हजार उरल्या. १९७१ मध्ये त्यांना संरक्षण मिळालं, आणि आज त्या लाखाच्या घरात आहेत. नाव खाऱ्या पाण्याचं असलं तरी ही मगर नदीत, दलदलीत, समुद्रापासून खूप आत असलेल्या गोड्या पाण्यातही सुखाने राहते. पाच मीटरचं जनावर गुडघाभर गढूळ पाण्यात दिसत नाही, श्वास न घेता तासभर खाली बसू शकतं, आणि त्याची खरी ताकद जबड्यापेक्षा चिकाटीत आहे. रोज ठरावीक वेळी, ठरावीक जागी पाण्यावर येणारं जनावर ती हेरून ठेवते. माणूसही त्यातच आला. म्हणून तिकडे पाण्याजवळ जाणाऱ्याला सांगतात की काल उभे होतात तिथे आज उभे राहू नका. अशा नदीकाठी धाडस, अनुभव, पोहण्याचा वेग यातलं काहीही उपयोगाचं नाही. आत जायचं नाही. विषय संपला. "मी रोज जातो, मला कधी दिसली नाही" असं कुणी सांगितलं तर मला उलट जास्त भीती वाटते, कारण ठरावीक वेळी येणारा माणूस तोच.

आणि याच प्रदेशाच्या किनाऱ्यावर गेलात, तर मगर आणि शार्क परवडले असं वाटायला लावणारा एक प्राणी आहे, ज्याला दात नाहीत, डोकंही नाही. बॉक्स जेलीफिश. पारदर्शक पेटीसारखं शरीर, चार कोपऱ्यांतून लोंबणारे साठेक दोरे, आणि ते दोरे तीन मीटरपर्यंत ताणले जातात. अंगाला पुरेसे चिकटले तर काही मिनिटांत हृदय बंद पडू शकतं. दिवसाउजेडी, स्वच्छ पाण्यात, उथळात. त्याचा एक चुलतभाऊ आहे इरुकांजी. पेटी बोटाच्या नखाएवढी. ऑस्ट्रेलियातल्याच उत्तर क्वीन्सलँडमध्ये पोहून आलेल्या लोकांना अर्ध्या तासाने पाठीत, पोटात असह्य कळा यायच्या, घाम, उलट्या, आणि आपण आता मरणार अशी खात्री वाटायची. कारण कळत नव्हतं. केर्न्सच्या जॅक बार्न्स नावाच्या डॉक्टरांना संशय होता की हे काम एखाद्या जेलीफिशचं आहे. १९६१ मध्ये त्यांनी पाण्यातून एक टिचभर जेलीफिश पकडला आणि किनाऱ्यावर स्वतःला डसवून घेतला. इथवर ठीक. मग आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला डसवला, आणि जवळच्या एका तरुण जीवरक्षकालाही. थोड्याच वेळात तिघंही तळमळत हॉस्पिटलात. तिघंही वाचले, विज्ञानाला उत्तर मिळालं, आणि त्या प्राण्याला बार्न्स यांचं नाव मिळालं. त्या मुलाच्या आईने काय नाव ठेवलं असेल ते आपण कल्पावं.

यात घाबरून बसण्यासारखं काही नाही, ही माहिती वापरायची असते. तिथे साधारण नोव्हेंबर ते मे हा डंखाचा मोसम. या काळात तिकडचे लोक अंगभर पातळ लायक्राचा सूट घालून पाण्यात जातात आणि किनाऱ्यावर व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या असतात. व्हिनेगरने दुखणं थांबत नाही, पण न फुटलेल्या डंखपेशी निकामी होतात. पोहण्यासाठी जाळी लावलेली असते, तीही मोठ्या जेलीफिशपुरती. नखाएवढा इरुकांजी तिच्या भोकातून आरामात आत येतो. शार्कच्या जाळ्यांचंही तेच. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये १९३७ पासून काही किनाऱ्यांसमोर शार्कसाठी जाळी लावत आले आहेत. लोकांना वाटतं या टोकापासून त्या टोकापर्यंत भिंत आहे. प्रत्यक्षात एकेक जाळं १५० मीटर लांब आणि सहा मीटर उंच. बाजूने वाट मोकळी, वरून मोकळी. कासवं आणि डॉल्फिन मात्र अडकून मरतात. लोकांच्या मनाला आधार, एवढाच तिचा मोठा उपयोग असावा असं माझं मत.

आता गोड्या पाण्याकडे या. इथे लोकांना पाणसापांची भीती फार. पाण्यात दिसणारे बहुतेक साप माणसाला पाहून आधी पळ काढतात. समुद्री साप जहाल विषारी खरे, पण त्यांचे दंश मुख्यतः जाळं ओढणाऱ्या कोळ्यांना होतात, पोहणाऱ्यांना क्वचित. पिरान्हा मिनिटात सांगाडा करतो ही गोष्टही सांगणाऱ्याच्या हौसेची. ब्राझीलमध्ये बांध घालून पाणी संथ केलेल्या ठिकाणी पिरान्हा लोकांना चावले, पण बहुतेकदा एकच चावा, आणि तोही अंड्यांची राखण करताना.

गोड्या पाण्यातला खरा शत्रू डोळ्यांना दिसतच नाही. उंदराच्या किंवा गुरांच्या लघवीतून पाण्यात येणारा लेप्टोचा जंतू घ्या. २००० मध्ये मलेशियातल्या सबा राज्यात साहसी शर्यत झाली, जगभरातले दणकट खेळाडू आले होते. जंगल, जळवा, गुहा सगळं पार केलं आणि घरी जाऊन तापाने फणफणले. तपासकांनी ज्या १८९ खेळाडूंना गाठलं, त्यातल्या ८० जणांना लेप्टोची लक्षणं होती, आणि धागा सेगामा नदीत पोहण्यापाशी जाऊन पोचला. आफ्रिकेतल्या कित्येक सुंदर तलावांत गोगलगायींमधून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म अळ्या धडधाकट कातडीतूनही आत शिरतात, त्यातून शिस्टोसोमियासिस हा कृमींचा आजार होतो. आणि कोमट, साचलेल्या पाण्यातला नेग्लेरिया हा अमीबा नाकावाटे मेंदूत जातो. फार दुर्मिळ, पण झाला तर जवळजवळ सगळे दगावतात. ते पाणी पोटात गेलं तर या अमीबापासून धोका नाही, नाकात जोराने गेलं तर आहे. म्हणजे उपाय काय? कडक उन्हाळ्यात तापलेल्या डबक्यात सूर मारायचा नाही, तळाचा गाळ ढवळायचा नाही, नाकाला चिमटा लावायचा. चार पैशांचा चिमटा! पण मगरीच्या गोष्टी रंगवून सांगणारे त्याबद्दल कधी बोलत नाहीत.

आता मुद्दा पाण्याचाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२१ मध्ये जगात तीन लाख माणसं बुडून गेली. मघाशी मीच सरासरीवर टीका केली, तेव्हा इथेही तोच नियम लावतो. यात काठावरून घसरलेली लहान मुलं आहेत, पोहता न येणारी माणसं आहेत, सगळे हौशी पोहणारे नव्हेत. पण चांगल्या पोहणाऱ्यांचं काय होतं ते पाहायचं असेल तर हॅरल्ड होल्ट पाहा. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान, समुद्राचं वेड असलेला, पाण्याखाली शिकार करणारा गडी. १७ डिसेंबर १९६७ ला शेव्हियट बीचवर खवळलेल्या समुद्रात उतरले ते परत दिसलेच नाहीत. मृतदेह मिळाला नाही, मग काय, अफवांचा सुकाळ. शार्कने नेलं. चिनी पाणबुडीने पळवलं. २००५ मध्ये व्हिक्टोरिया राज्याच्या कॉरोनरने, म्हणजे अकस्मात मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, निष्कर्ष दिला, अपघाताने बुडाले. पाणबुडी मानायला लोक तयार होते, पण चांगला पोहणारा नुसत्या पाण्याने जाऊ शकतो हे पचत नव्हतं.

लाटा फुटून आलेलं पाणी किनाऱ्यावरून परत समुद्राकडे एका पट्ट्यातून ओढीने जातं, तो रिप करंट. अमेरिकेतल्या जीवरक्षकांच्या संघटनेचं म्हणणं आहे की लाटांच्या किनाऱ्यावर त्यांना ज्यांना वाचवावं लागतं त्यातले ८० टक्क्यांहून जास्त याच ओढीत सापडलेले असतात. गंमत म्हणजे ओढीचा तो पट्टा वरून शांत दिसतो, लाटा कमी, म्हणून नवखा माणूस "इथे बरं आहे" म्हणत नेमका तिथूनच आत जातो. तो खाली शार्क शोधत असतो आणि किनारा मागे सरकत असतो. आणि थंड पाणी! पंधरा अंशांखालच्या पाण्यात एकदम उडी मारली की आपल्या इच्छेविरुद्ध मोठा श्वास ओढला जातो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर सगळं तिथेच आटोपतं.

म्हणून काठावर चौकशी करा, आणि योग्य माणसाकडे करा. रिसॉर्टवाल्याला विचारू नका, त्याच्या तलावात कधीच काही नसतं. मासेमारी करणाऱ्याला विचारा. "काका, इथे तुम्ही पोरांना पोहायला सोडता का? कुठल्या महिन्यात नाही सोडत?" या दोन प्रश्नांत मगर, जेलीफिश, भोवरा, ओढ सगळं निघतं. समुद्र असेल तर नदीच्या मुखापाशी, पावसानंतरच्या गढूळ पाण्यात, तिन्हीसांजेला, किंवा जिथे पक्षी माशांच्या थव्यावर सूर मारतायत तिथे उतरू नका, शार्कही तिथेच जेवायला येतो. वाळूत चालताना पाय उचलून टाकू नका, घासत चला. वाळूत दडलेली पाकट (चपटा, नांगीवाला मासा) चाहूल लागताच निघून जाते, पाय वर पडला तरच नांगी मारते.

एवढं सगळं विचारून, पाणी ठीक आहे असं ठरवून उतरलात तरी मध्यावर कधीतरी पायाला काहीतरी लागणारच. मलाही लागतं, आजही. हिरव्या धुरकट पाण्यात हात कोपरापर्यंतच दिसतोय, सूर लागलाय, आणि पोटरीवरून काहीतरी गार, बुळबुळीत, हळू सरकत जातं. शेवाळाचा लांब झुबका असतो तो. तो घोट्याला गुंडाळतो, आपण पाय झटकतो, झटकल्याने आणखी आवळतो. त्या दोन सेकंदांत डोकं वर येतं, कंबर आणि पाय बुडतात, श्वास तुटतो, घोटभर पाणी आत जातं. शेवाळाने कुणी मरत नाही, या दोन सेकंदांचा पुढचा मिनिट होतो त्याने मरतं. त्या वेळी पाठीवर वळायचं, कान पाण्यात जाऊ द्यायचे, हात पसरायचे आणि आधी श्वास सोडायचा. घ्यायचा नंतर, आधी सोडायचा. पाय सैल ठेवला की झुबका आपोआप सुटतो. पोहणारे कमरेला बांधतात तो तरंगता केशरी फुगा असेल तर त्याला धरून पडून राहा, तो त्यासाठीच असतो. सोबत्याला हाक मारा आणि सरळ सांगा की घाबरलोय. सोबती हसला तर पुढच्या वेळी सोबती बदला. आणि पाच-सहा श्वासांनंतरही मन जागेवर येत नसेल तर काठ गाठा, अंग पुसा आणि गरम काहीतरी प्या. पाणी उद्याही तिथेच असणार आहे.