शिक्क्याचं काय घेऊन बसलास!

२०२३ मध्ये आपल्या एनएमसीला, म्हणजे देशातल्या मेडिकल कॉलेजांवर देखरेख करणाऱ्या आयोगाला, डब्ल्यूएफएमई या वैद्यकीय शिक्षणाच्या जागतिक महासंघाची दहा वर्षांसाठी मान्यता मिळाली, तेव्हापासून आमचा मित्र दिल्या हवेत आहे. पोरगा एमबीबीएसला ना!

"आता आपली डिग्री जगात चालणार," दिल्या.

"चालणार कसली, जाणार म्हण," बाळ्या कटिंग संपवत म्हणाला. "असली मान्यता हवी, हे २०१० मध्ये काढलं कुणी? अमेरिकेच्या ईसीएफएमजीने, तिकडे जाऊ पाहणाऱ्या परदेशी डॉक्टरांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेने. आपण डॉक्टर पुरवायचे, वर मिरवायचंही आपणच."

मंदार मेडिकल कॉलेजात शिकवतो. तो वैतागला. "अरे, डब्ल्यूएफएमई कॉलेज तपासतच नाही. कॉलेज तपासणाऱ्याला तपासते. शिक्क्याचं काय घेऊन बसलास! बाहेरून आलेली कामाची गोष्ट म्हणजे ऑस्की, प्रॅक्टिकल परीक्षेची नवी पद्धत. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डनने १९७५ मध्ये मांडली."

आधीची प्रॅक्टिकल म्हणजे एक पेशंट, एक सर आणि सरांचा मूड. ऑस्कीत टेबलं मांडलेली. घंटा झाली की पुढचं टेबल. एकावर बीपी, दुसऱ्यावर पुतळ्याची छाती दाबून सीपीआर, तिसऱ्यावर पेशंट बनून बसलेला माणूस, त्याला टीबीच्या गोळ्या समजावून सांगायच्या. परीक्षकाकडे यादी: स्वतःचं नाव सांगितलं? हात लावण्याआधी विचारलं? बीपीचा पट्टा नीट बांधला? प्रत्येकाला मार्क, आणि सगळ्यांना तीच यादी.

"नाटक!" बाळ्या म्हणाला. "खोट्या पेशंटशी गोड बोलेल आणि ओपीडीत खेकसेल."

यावर मंदारकडे उत्तर नव्हतं. तो वळला फेमरकडे. ही संस्थाही त्याच ईसीएफएमजीने काढलेली, पण मुंबईत केईएमच्या जीएस मेडिकलमध्ये तिचं केंद्र २००५ पासून आहे. तिथे कॉलेजात शिकवणाऱ्या डॉक्टरांना, शिकवायचं कसं ते शिकवतात, आणि प्रत्येकाने आपल्याच कॉलेजात काहीतरी बदलून दाखवायचं असतं. मला हे पटतं. दिल्लीचं एम्स १९५६ चं, त्याला कोलंबो योजनेतून न्यूझीलंडचा पैसा आला. पैशाने इमारत उभी राहते, वर्गात उभं राहणारा माणूस घडवावा लागतो.

"आणि सेवाग्राम?" बाळ्या काही सोडेना. "सुशीला नायरांनी १९६९ मध्ये कॉलेज काढलं. पहिल्या वर्षाची पोरं गावात जाऊन राहतात, घरं दत्तक घेऊन त्यांच्या तब्येतीकडे बघतात. कुठल्या परदेशी पाहुण्याने शिकवलं? एनएमसीने कुटुंब दत्तक योजना देशभर लावली ती आत्ता. सहकार्य म्हणता ना? मग हे तिकडच्यांना शिकवा की."

"शिकवावंच," मंदार म्हणाला. या एका मुद्द्यावर दोघांचं जमलं, आणि मला वाटतं खरी गोम इथेच आहे. आपल्याकडून बाहेर जातो तो डॉक्टर. पद्धत जात नाही.

दिल्याने मध्येच पोराला व्हॉट्सॅप केला: तुमच्याकडे सीपीआरचा पुतळा आहे का?

उत्तर आलं, 'आहे. कपाटात. इन्स्पेक्शनला काढतात.'

बाळ्या खो खो हसला. मंदार नाही हसला. बॅचला किती पोरं, एवढंच विचारलं.

"दीडशे."

"मग कपाट उघडं ठेवूनही भागायचं नाही. एका पुतळ्यावर दीडशे जणांचा हात बसणार कधी?"

दिल्याने मोबाइल खिशात टाकला आणि आणखी चार कटिंग सांगितले.