आंटी, साइड प्लीज

आज सकाळी आमच्या फॅमिली ग्रुपवर एक प्री-वेडिंग अल्बम येऊन पडला. नात्यातलीच जोडी, गोड आहेत दोघंही, त्यांच्याविषयी काही म्हणणं नाही. पण प्रत्येक फोटोत मागे जुना दरवाजा, जुनी ओसरी, जुना खांब, आणि खाली कौतुकाची रांग: ‘काय व्हिंटेज फील आहे!’ घर कुठल्या गावचं, कुणाचं, इथं कसं आलं, हे एकानंही विचारलं नाही. मागे छापील पडदा टांगला असता तरी कुणाला फरक कळला नसता.

मला जागा लगेच ओळखू आली. चेन्नईहून महाबलीपुरमकडे जाताना मुट्टुकाडूला ‘दक्षिणचित्र’ आहे, जुन्या घरांचं संग्रहालय, १९९६ साली खुलं झालेलं. मांडणी वास्तुरचनाकार लॉरी बेकरची. केरळ, तामिळनाडू, कर्नाटक, आंध्र-तेलंगण इथली १८ जुनी घरं तिथं आहेत. मूळ गावी पाडली जाणारी घरं विकत घ्यायची, एकेक तुळई आणि चौकट सोडवून आणायची आणि पुन्हा उभी करायची, असा तो खटाटोप. ही कल्पना मूळची स्वीडनची, स्टॉकहोमचं स्कान्सेन १८९१ पासून हेच करतंय. आपल्याकडे कोल्हापूरजवळ कणेरी मठावर सिमेंटचे पुतळे करून गाव मांडलंय, मुलं खूश होतात, पण त्या घरांत कधी कुणी राहिलं नव्हतं. दक्षिणचित्रातल्या घरांत पिढ्या नांदल्यात.

तर तिथं मी आईला घेऊन गेले होते. चेट्टियारांचा कोरीव दरवाजा, केरळातल्या पुदुप्पळ्ळीचं लाकडी घर, सगळं तिनं ‘छान आहे’ म्हणत पाहिलं, पाहुण्याच्या घरी पाहतात तसं. मग कर्नाटकातल्या विणकराचं घर आलं. इलकलचं, म्हणजे आपल्या इरकलचं. आईच्या अंगावर त्या दिवशी इरकलच होतं, टोपपदराचं. ती थबकली, भिंतीला हात लावला आणि म्हणाली, “अगं, हे आपल्या जतच्या घरासारखंच की!” आणि पायरीवर बसली. स्वतःच्या दारात बसल्यासारखी.

तिथं एक शाळकरी मुलगी रेंगाळत होती. तिला आई मोडक्या हिंदीत पदर उलगडून दाखवायला लागली: अंग सुताचं, पदर रेशमाचा, आणि दोन्हीचा ताणा फासात फास अडकवून कसा जोडतात ते. तेवढ्यात मागून आवाज आला, “आंटी, साइड प्लीज.” एक फोटोग्राफर, त्याच्यामागे भाड्याच्या घागऱ्यातली नवरी. आई फ्रेममध्ये येत होती!

इरकलच्या विणकराचं घर, दारात इरकल नेसलेली बाई, आणि तीच तेवढी नको. बाकी सगळं ‘ऑथेंटिक’ हवं.

आई उठली. तिला राग आला नाही. “लग्नाची पोरं आहेत, काढू दे,” म्हणाली. राग मला आला, आणि आज तो अल्बम बघून पुन्हा आला.

ते लोक रीतसर पैसे भरून आले असतील, आणि अशी घरं सांभाळायला पैसा लागतो, हे मला कळतं. कळलं तरी पटत नाही.

कारण नुसतं फोटोग्राफी म्हणून बघितलं तरी हे चूकच आहे. मी हौशी कॅमेरावाली आहे, मला विचाराल तर अशा घराचा फोटो समोरून दरवाजा मधोमध धरून काढला की घर मरतं. वाइड लेन्स लावून कॅमेरा वर केला की भिंती मागे कलंडतात. भर दुपारी समुद्राकाठचं ऊन आणि आतला काळोख एका फोटोत मावत नाहीत, मग लोक फ्लॅश मारतात आणि घराचं घरपणच पुसून टाकतात. जाड भिंतीचं घर अंधारंच असतं हो! तो अंधार उन्हाळ्यात थंडावा देतो. सकाळी लवकर जा, दारातून येणारा उजेड पुरवा, हात स्थिर ठेवा. आणि माणूस हवाच. दार किती ठेंगणं आहे हे त्यातून वाकून आत जाणाऱ्या माणसाशिवाय कसं कळणार? माझ्याकडे त्या दिवसाचा एकच बरा फोटो आहे: आई पदर सावरत, मान वाकवून आत जातेय. त्यात चौकटीची उंची कळते, उंबऱ्याची झीज दिसते, भिंतीची जाडी दिसते.

त्या नवरीच्या फोटोतही माणूस होताच की, असं कुणी म्हणेल. होता. पण ती दाराला टेकून आकाशाकडे बघत होती. त्या दारातून आत जायचं तिच्या मनातही नव्हतं.

जाऊ दे. त्या पोरीचं तरी काय चुकलं, तिला जे सांगितलं ते तिनं केलं. मला खरं टोचतंय ते वेगळंच. इलकलचा तो भाग १९५६ पर्यंत आपल्याच मुंबई राज्यात होता, आणि तशी माळवदाची, म्हणजे सपाट मातीच्या छताची घरं तर आजही आपल्या सोलापूर-मराठवाड्यात आहेत. दर पावसाळ्यात त्यांतली काही खचतात, उरलेली पाडून वर स्लॅब पडतो. राहणाऱ्यांना मी दोष देणार नाही, गळकं माळवद दरवर्षी मातीनं कोण लिंपणार? पण पाडण्याआधी कुणी नीट फोटोही काढत नाही. कडीपाट, देवळी, बळद, उखळ, खुंटी, सगळं ट्रॉलीत भरून जातं. आमचं जतचं घर असंच गेलं. भाऊबंदांच्या वाटण्या झाल्या आणि जेसीबी आला. आता आईला ते घर बघायचं तर चेन्नईला जावं लागतं, आणि तिथं ‘साइड प्लीज’.

तर मंडळी, जत, मंगळवेढा, अक्कलकोट, तुळजापूर, कुठंही तुमच्याकडे माळवदाचं घर अजून उभं असेल आणि पाडायचं ठरलं असेल, तर जेसीबीवाल्याच्या आधी मला कळवा. कॅमेरा माझा, भाकरी-पिठलं तुमचं. घरातली म्हातारी माणसं घरीच असू द्या, त्यांना नवी साडी नेसवून बसवू नका, रोजचीच चालेल. आणि आईही येईल बरोबर, तिला कन्नडही बोलता येतं.