पॅरिसचा चरक आणि आपला ‘बदला पुरा’

इंग्रजांना फ्रेंच मालिका विकायची असेल तर नावात एक तर पॅरिस हवं, नाही तर मुडदा. दोन्ही असले तर सोन्याहून पिवळं. फ्रान्समध्ये ‘प्रोफिलाज’ अशा कोरड्या, तांत्रिक नावाने चाललेली मालिका इथे ब्रिटनमध्ये उतरली ती ‘द पॅरिस मर्डर्स’ होऊन. ‘झोन ब्लांश’, शब्दशः पांढरा पट्टा, म्हणजे मोबाइलची रेंज न पोचणारा भाग. त्या मालिकेतल्या, जंगलात हरवलेल्या गावाला ते नाव चपखल बसतं, पण इंग्रजीत तिचं झालं ‘ब्लॅक स्पॉट’. पांढऱ्याचं काळं झालं आणि टॉवर उभारायला कुणी फिरकलंच नाही, ही मूळ रड नावातून गेली. ‘ल ब्युरो दे लेजांद’मधला ‘लेजांद’ म्हणजे हेराने पांघरलेली बनावट ओळख. सगळी गोष्टच तिच्यावर उभी आहे. इंग्रजीत उरलं नुसतं ‘द ब्युरो’. न बघणाऱ्याला वाटावं, टपाल खात्याची मालिका असेल.

या सगळ्यांत माझी लाडकी ‘आंग्रनाज’. फ्रान्सच्या कनाल प्लुस वाहिनीवर 2005 ते 2020 अशी आठ पर्वं चालली, आणि बीबीसी फोरने ती इकडे ‘स्पायरल’ म्हणून आणली. मूळ शब्दाचा अर्थ एकमेकांत अडकलेली दातेरी चाकं. बोट गेलं की हात जातो, हात गेला की माणूस. मराठीत मी तिला केव्हाच ‘चरक’ म्हणून टाकलंय. उसाच्या गुऱ्हाळातला चरक बघितलेल्या माणसाला आणखी काही समजावून सांगावं लागत नाही. ‘स्पायरल’मध्ये घसरण आहे, पण चाकं नाहीत. आणि मी ती मालिका बघतो ती चाकांसाठीच.

म्हणजे काय, तर खून पहिल्या दहा मिनिटांत होतो आणि मग सुरू होतात कागद. पोलीस कॅप्टन लोर बेर्तो कुणाला तरी उचलून आणते. आणल्याची वेळ लिहिली जाते, कारण घड्याळ तिथून सुरू होतं: चोवीस तास. त्यापुढे ठेवायचं तर सरकारी वकिलाची परवानगी. संशयिताला डॉक्टर, वकील. 2011 पर्यंत वकिलाला सुरुवातीला जेमतेम अर्धा तास भेटता यायचं. त्या वर्षी कायदा बदलला आणि वकील चौकशीच्या वेळीही शेजारी बसू लागला. मग प्रकरण जातं ‘ज्यूज दँस्त्र्युक्सियाँ’कडे, म्हणजे तपास-न्यायाधीशाकडे. हा प्राणी ना आपल्याकडे आहे ना ब्रिटनमध्ये. तो निकाल देत नाही, तपास चालवतो. पोलीस त्याच्या हुकुमाने काम करतात. आरोपीविरुद्धचा पुरावा जसा गोळा करायचा, तसाच त्याच्या बाजूचाही, हे त्याचं कायद्याने ठरलेलं काम. इंग्रजी सबटायटलमध्ये तो नुसता ‘जज’ होतो आणि माझ्या ब्रिटिश शेजाऱ्यांना प्रश्न पडतो की याचा टोप कुठे गेला.

मालिकेतला हा न्यायाधीश, फ्रांस्वा रोबां, एकटा, किरकिरा, म्हातारा होत चाललेला माणूस आहे. अरुंद खोली, फायलींचे ढीग, समोर बेडी काढलेला आरोपी, आणि बाजूला प्रत्येक प्रश्नोत्तर टंकणारी लिपिक. तिची सही नसेल तर त्या जबाबाला किंमत नाही. पिस्तुलं बाकीच्यांकडे, याच्याकडे प्रश्न आणि ती लिपिक. तरी मालिकेत सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते.

आमच्या फॅमिली ग्रुपवर मात्र पिस्तूलवाल्यांचीच चलती असते. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. तक्रार नोंदवून घ्यायलाच पोलिसांनी कित्येक तास लावले, लोक रेल्वे रुळांवर उतरले. 23 सप्टेंबरला तळोजा तुरुंगातून नेताना आरोपी पोलिसांच्याच गाडीत गोळी लागून मेला. त्याने पिस्तूल हिसकावून गोळी झाडली म्हणून आम्ही झाडली, असं पोलीस म्हणाले. उच्च न्यायालयाला ते लगेच पटलं नाही, आणि जानेवारी 2025 मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पाच पोलिसांना जबाबदार धरलं. पण तोवर मुंबईत फलक लागून गेले होते: ‘बदला पुरा’. शीर्षक म्हणून बघा, कसलेल्या जाहिरातदाराला सुचणार नाही असं. गावाच्या नावातच सूड, आणि यंत्रणेचा मागमूस नाही.

मी ग्रुपवर याविरुद्ध दोन ओळी लिहिल्या. मामाचा फोन आला. “तू तिकडे रेडिंगला बसून हिटर लावून फ्रेंच मालिका बघ. इथे पोरींना शाळेत पाठवायचं असतं.” मी म्हटलं, “मामा, आरोपी मेला म्हणजे त्याच्यावरचा खटलाच संपला. तक्रार घ्यायला उशीर का झाला, शाळेत कुणी काय दडपलं, हे त्याला पिंजऱ्यात उभं करून जितकं बाहेर आलं असतं, तितकं आता येणार का?” मामा क्षणभर थांबला आणि म्हणाला, “आणि तो खटला चालला कधी असता? मी रिटायर झाल्यावर?”

याला माझ्याकडे झटकन देता येण्यासारखं उत्तर नव्हतं. देशातल्या न्यायालयांत 5 कोटींहून जास्त प्रकरणं पडून आहेत. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे काही आपण चेष्टेत म्हणत नाही. चकमकीवर टाळ्या वाजवणारी माणसं क्रूर असतात असं मला वाटत नाही, त्यांनी यंत्रणेवर पाणी सोडलेलं असतं. म्हणून हैदराबादला डिसेंबर 2019 मध्ये बलात्कार-खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी चकमकीत मारले गेले तेव्हा पोलिसांवर फुलं उधळली गेली. पुढे आपल्या मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या न्या. विकास सिरपूरकरांच्या आयोगाने ती चकमक बनावट ठरवून दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवायची शिफारस केली. फुलं उधळतानाचे व्हिडिओ आमच्या ग्रुपवर आले होते, आयोगाचा अहवाल कुणी पाठवला नाही.

मामाच्या बाजूने आणखी एक सांगितलं पाहिजे. फ्रान्समध्ये दहा लाख लोकांमागे साधारण 110 व्यावसायिक न्यायाधीश आहेत. आपल्याकडे दहा लाखांमागे मंजूर पदंच 21 च्या आसपास, आणि त्यातली कितीतरी रिकामी. रोबांची ऐट परवडायला माणसं लागतात. आणि ती असूनही 2021 मध्ये तिथल्या तीन हजार न्यायाधीश आणि सरकारी वकिलांनी वर्तमानपत्रात जाहीर लिहिलं की लवकर आणि वाईट न्याय द्यायचा की चांगला पण उशिरा, एवढीच निवड आमच्या हाती उरली आहे.

लोरची माणसंही साधुसंत नाहीत. मारतात, खोटं बोलतात, कागद फिरवतात. पण मालिका ते विसरत नाही, हिशेब मागत राहते. लोरचा उजवा हात गिलू. आठव्या पर्वाच्या सुरुवातीला तो तुरुंगात असतो, पोलीस असून. आपल्या पडद्यावरचा ‘सिंघम’ छापाचा साहेब असाच वागतो आणि त्याला शिट्ट्या मिळतात.

मामाने शेवटी विचारलंच, “मग तुझा तो न्यायाधीश चुकत नाही?” चुकतो, आणि भयानक चुकतो. उत्तर फ्रान्समधल्या उत्रो या गावात 2001 मध्ये मुलांवरच्या अत्याचाराचं प्रकरण उघडलं. तपास एका तरुण तपास-न्यायाधीशाकडे होता. त्याने माणसांमागून माणसं आरोपी केली, आणि त्यातली बरीच वर्षानुवर्षं तुरुंगात राहिली. लोकांनी तेव्हाच त्यांना राक्षस ठरवून टाकलं होतं. ‘आंग्रनाज’ सुरू झाली त्याच 2005 सालाच्या डिसेंबरात अपिलातले शेवटचे सहा जण निर्दोष सुटले, आधीचे सात धरून तेरा. एक जण खटला उभा राहण्याआधी तुरुंगातच मेला होता. बाकीचे पुढच्याच महिन्यात संसदेच्या चौकशी समितीपुढे गेले आणि आपल्यावर काय गुदरलं ते देशभर टीव्हीवर, स्वतःच्या तोंडाने सांगितलं.