बक्कल दिखाऊ, वेल्क्रो चिकटवलेलं, आणि अख्खा पट्टा कचऱ्यात

आज गोव्यात, म्हापशाच्या बाजारात, एका शिंप्याच्या दुकानात एक मुलगी कमरेचा पट्टा घेऊन आली होती. ड्रेसवर बांधायचा रुंद पट्टा, पुढे मोठं सोनेरी बक्कल. चवथीला घेतलेला म्हणाली. तक्रार एवढीच की लावला की सुटतो. शिंप्याने पट्टा उलटा केला, नखाने कोपरा उचलून बघितला आणि परत दिला. "बाय, हें जावचें ना." म्हणजे, हे व्हायचं नाही. तिने तो तिथल्याच डब्यात टाकला आणि निघून गेली. तिच्या मागे मी तो पट्टा डब्यातून काढून ब्लेडने उघडून बघितला आणि तेव्हापासून डोकं तापलेलं आहे. पोस्ट लांब होणार आहे, पण वाचा.

ते सोनेरी बक्कल काहीच धरून ठेवत नव्हतं. प्लॅस्टिक, वर मुलामा, मागे दोन पिना दुमडलेल्या. सगळा ताण बक्कलमागच्या दोन इंच वेल्क्रोवर. वरचं रेक्झिन धड होतं, इलॅस्टिक ताठ होतं, कडेची शिवण एके ठिकाणीसुद्धा उसवलेली नव्हती. गेला होता तो फक्त मऊ बाजूचा दोन इंचांचा तुकडा, लव पिंजून उभी राहिलेली. आणि तो बदलता येत नव्हता, कारण तो शिवलेलाच नव्हता. फोमवर गोंद, गोंदावर वेल्क्रो, आणि कडेने रेक्झिन दाबून बंद. दुरुस्ती होऊच नये अशीच ती रचना आहे, दुसरं काय म्हणणार?

वेल्क्रोला शिव्या घालायला ही पोस्ट नाही, हे आधी स्पष्ट करते. वस्तू उत्तम आहे. जॉर्ज द मेस्ट्राल नावाच्या स्विस इंजिनिअरला १९४१ मध्ये कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी फळांवरून ती सुचली आणि १९५५ मध्ये तिचं पेटंट झालं. कापसाच्या धाग्यावरचे प्रयोग टिकेनात म्हणून तो नायलॉनकडे वळला. म्हणजे टिकावं यासाठी धडपड करून केलेली ही गोष्ट. चांगली विणलेली नायलॉनची टेप हजारो वेळा उघडझाप सोसते. तीच टेप आपण एका मोसमात फेकायच्या पट्ट्याला लावतो.

आता ती मरते कशी ते समजून घ्या, कारण निम्मी वेल्क्रो मेलेली नसतेच. खरखरीत बाजूवर नायलॉनच्या जाड एकेरी तंतूचे वेढे असतात, उष्णता देऊन घट्ट केलेले आणि एका अंगाने कापलेले, म्हणून आकड्यासारखे. मऊ बाजूवर बारीक धाग्यांची गुंतवळ. लावताना आकडे गुंतवळीत अडकतात, ओढताना वाकून सुटतात. दर वेळी मऊ बाजूचे दोन-चार धागे तुटतात किंवा उपटले जातात, म्हणून रोजच्या वापरात झिजते ती मऊ बाजू. खरखरीत बाजू बहुतेक वेळा फक्त तुंबलेली असते. केस, सुताचे कण, आणि आपल्याकडे किनाऱ्यावरची वाळू. मीठ आणि वाळू आकड्यांच्या मुळाशी बसली की आकडा गुंततच नाही, आणि लोक म्हणतात वेल्क्रो गेलं.

गेलं नाही. आधी गोड्या पाण्यात धुवा. मग कोमट पाण्यात थोडा साबण घालून दहा-पंधरा मिनिटं भिजवा, जुन्या कडक टूथब्रशने आडव्या रांगांच्या दिशेने घासा, राहिलेले केस टाचणीने किंवा बारीक फणीने उपसा. सावलीत वाळवा. ब्लीच घालू नका आणि वरून इस्त्री तर अजिबात फिरवू नका. नायलॉन वितळण्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं आणि आकडे एकदा सरळ झाले की परत वळत नाहीत. धुवायला टाकताना दोन्ही बाजू एकमेकींना लावूनच टाका, नाहीतर खरखरीत बाजू बाकीच्या कपड्यांची लव ओढते आणि ते धागे पाण्याबरोबर गटारात जातात. सगळं सिंथेटिकच, म्हणजे पुढे नदीत, नदीतून समुद्रात.

एवढं करूनही मऊ बाजू गेलेली असेल तर तेवढी बदला. दोन्ही बाजू बदलायची गरज नसते. टेप सुटी मिळते, शिलाईच्या सामानाच्या दुकानात मापून कापून देतात. तेवढीच रुंदी घ्या, लांबी मात्र जुन्यापेक्षा इंचभर जास्त, म्हणजे पट्टा सैल-घट्ट करायला जागा राहते आणि रोज एकाच ठिकाणी ताण येत नाही. कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा आधी उचकटतो. मागे गोंद असलेली टेप शिवायला घेऊ नका. सुई त्या गोंदातून गेली की चिकटते, टाके सुटतात, दोरा तुटतो, आणि शिंपी वैतागतो ते बरोबरच आहे. साधी टेप, १६ नंबरची सुई, पॉलिएस्टरचा दोरा. सुती दोरा आपल्या पावसाळ्यात कुजतो. टेपच्या कडेला आकडे नसलेली जी बारीक किनार असते तिच्यातून टाका घालायचा. कापडावर तीन मिलिमीटरचा टाका चालतो. रेक्झिनवर साडेतीन-चारचा घाला, कारण भोकं जवळ पडली की रेक्झिन त्याच रेषेत फाटतं. चारी बाजूंनी चौकोन आणि ताण जास्त येत असेल तर आत फुली. शिंप्याला दहा मिनिटांचं काम.

त्या मुलीच्या पट्ट्याचं हेच दहा मिनिटांत झालं असतं. फक्त कोणीतरी बनवताना गोंदाऐवजी टाका घातला असता तर.

गोंद का वापरतात? कारण तो लवकर होतो. पिस्तुलाने गोंद सोडला, दाबला, पुढचा पट्टा. शिवायला यंत्र फिरवावं लागतं, दोरा लागतो, माणूस लागतो. आणि तो गोंद आपल्या हवेत टिकत नाही. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीत पर्स ठेवून बघा. गोंद मऊ होतो, टेप हळूहळू सरकते, कडेने चिकट रेषा बाहेर येते आणि तिला धूळ-केस धरतात. रेक्झिनचंही तेच. पीयूचं, म्हणजे पॉलियुरेथेनचं, रेक्झिन दमट हवेत आतून तुटतं, वापरलं नाही तरी. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कपाटात पडून राहिलेला पट्टा दोन-तीन पावसाळ्यांत खवले सोडायला लागतो. आणि हेच रेक्झिन हल्ली पर्यावरणपूरक लेदर म्हणून विकलं जातं! प्राण्याचं कातडं नाही म्हणून पर्यावरणपूरक! अहो, ते प्लॅस्टिक आहे. चामड्याच्या कमावण्यात क्रोमियमचा त्रास आहे हे खरं, पण चांगला चामड्याचा पट्टा वीस वर्षं कमरेला राहतो, आणि याचा खवला तिसऱ्या पावसाळ्यात तुमच्या साडीला लागतो.

बाटल्यांपासून बनवलेल्या पॉलिएस्टरची वेल्क्रो येते, तिच्यावर हिरवं पान छापलेलं असतं. ठीक आहे, काहीच नसल्यापेक्षा बरं. पण बाटलीची परत बाटली होऊ शकत होती. पट्ट्यात गेली की तिचा रस्ता तिथेच संपला, कारण पट्ट्यात नायलॉन, पॉलिएस्टर, रबर, फोम, गोंद आणि धातू एकमेकांना चिकटून बसलेले असतात. ते वेगळे करायला कोणाला परवडतं? पंचायतीची गाडी सुका कचरा नेते, आपल्याला वाटतं सुटलो. पुढे साळगावचा कचरा प्रकल्प असो की काकोड्याचा, वेगळं करता न येणारा माल शेवटी गठ्ठे बांधून कर्नाटकातल्या सिमेंटच्या भट्ट्यांकडे जातो, जळण म्हणून. त्याआधी कोणीतरी हातमोजे घालून बक्कल कापून काढायचं, कारण लांब पट्टे यंत्राच्या फिरत्या भागांना गुंडाळतात. आणि वाड्यावर अजूनही परसात कचरा पेटवणारे आहेतच. नायलॉन जळताना हायड्रोजन सायनाइड निघतं, पीव्हीसीच्या रेक्झिनमधून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ. शेजारच्या घरात आजी-नातवंडं असतात हो.

कायदा इथे उपयोगाचा नाही. १ जुलै २०२२ पासून बंदी आली ती काड्या, चमचे, प्लेट यांच्यावर. उत्पादकाने प्लॅस्टिक परत घ्यायची जबाबदारी आहे ती वेष्टनाची. पट्टा, पर्स, कमरेची पाऊच यातल्या कशातच बसत नाहीत. विकणारा मोकळा, घेणारा मोकळा.

आता कोणी म्हणेल, वेल्क्रो बंदच करा, सगळ्यांनी बक्कल लावा. नाही. संधिवाताने बोटं वाकलेल्या बाईला बक्कल लावायला सांगून बघा. पक्षाघातानंतर एकाच हाताने कपडे घालणारा माणूस, चप्पल स्वतः घालायला शिकलेलं चार वर्षांचं मूल, पाठीच्या दुखण्याचा पट्टा बांधणारे आजोबा, यांना वेल्क्रोने जे स्वातंत्र्य दिलं ते कोणत्याही बक्कलने दिलं नसतं. त्यांच्यासाठी ती उत्तमच हवी, शिवलेली हवी, बदलता येणारी हवी. पाठीच्या पट्ट्याचीही मऊ बाजू वरच्यासारखीच बदलता येते, तो टाकून देऊ नका. महाग असतो आणि आतल्या पट्ट्या धड असतात.

पण धडधाकट माणसाच्या कमरेला, खोट्या बक्कलमागे लपवून, कशाला? दोन डी-रिंगांचा, म्हणजे इंग्रजी डी आकाराच्या दोन कड्यांचा, पट्टा बघा. दीड इंच रुंद सुती नेवार, कंबरेच्या मापापेक्षा दहा-बारा इंच जास्त. एका टोकाला दोन रिंगा घालून तीन इंच दुमडायचं, चौकोन आणि फुली शिवायची, दुसरं टोक दुमडून टीप मारायची. टोक दोन्ही रिंगांतून घालून एकीवरून परत आणलं की घट्ट. झिजण्यासारखं त्यात काहीच नाही. रिंगा पितळेच्या घ्या, मुलाम्याच्या लोखंडी रिंगा आपल्या खाऱ्या हवेत गंजतात आणि कपड्यावर डाग पाडतात. सुती नेवारीला पावसात बुरशी येते, मान्य. वाळवून ठेवावी लागते. एवढं तरी आपण करू शकतो की नाही?

दुकानात पट्टा घेताना उलटा करून बघा. वेल्क्रोच्या चारी बाजूंना टाके दिसतात का, की नखाने कोपरा उचलतो? एकमेकांवर निदान दोन-अडीच इंच बसतं का, की जेमतेम इंचभर? बक्कल खरोखर काही धरतं का? गोंदाचा वास येतो का? दोन मिनिटं लागतात. दुकानदार बघत राहील, बघू दे. दहा जणांनी उलटे करून परत ठेवले की तो पुढच्या वेळी माल भरताना स्वतः उलटे करून बघेल.

आणि ज्या बायका घरी, बचत गटात पर्स, पाऊच, पट्टे शिवतात आणि जत्रेत-प्रदर्शनांत विकतात, त्यांना विनंती. तुमचं काम मुळातच शिवलेलं असतं, बाहेरून येणाऱ्या मालापेक्षा कितीतरी सरस. फक्त वेल्क्रो अस्तर बंद करण्याआधी लावू नका. अस्तर बंद झाल्यावर वरून शिवा, म्हणजे पुढे टाके उसवून बदलता येते. खरखरीत बाजू अंगाकडे किंवा साडीकडे तोंड करून ठेवू नका. आणि दर नगाबरोबर मऊ बाजूचा एक जादा तुकडा द्या, शर्टाला जादा बटण देतात तसा. तुकडा तुमच्या पट्टीच्याच रुंदीचा असू दे आणि कोपरे आधीच गोल कापून द्या.